कॉम्प्युटरचा कोट

दातांच्या डॉक्टरांकडे दिलेला कॉम्प्युटर परत आला, तोही अंगात कोट घालून, आणि त्या रविवारी दुपारी बटणांचा डबा कपाटावरून खाली उतरला.

डबा उतरला की घरात काहीतरी मोठं घडणार, हे ठरलेलं. घरातले आजोबा म्हणजे अण्णा, त्यांचं लग्न याच डब्याने जुळवलं होतं. दुकान भाड्याच्या जागेतून इथं हलवायचं की नाही, हेही यानेच ठरवलं. काकाने शिवणकाम सोडून वकिलाच्या कचेरीत कारकून व्हावं का, यावर तर डबा तीनदा फिरला होता. पांढरं शिंपल्याचं बटण म्हणजे हो, काळं पितळी बटण म्हणजे नाही. घरात मोठी माणसं पाच, म्हणून डब्यात पडायची बटणंही पाच. आणि एक जरी काळं निघालं तरी विषय संपला. मतदान गुप्त. निदान सगळे तसं म्हणत. शिंपल्याचं बटण पत्र्यावर टिक वाजतं आणि पितळी टण, हे शिंप्याच्या घरातल्या माणसाला कळत नसेल? पण इतकी वर्षं सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, म्हणून घरात शांतता होती.

बाबा कापायच्या मोठ्या टेबलाच्या टोकाशी हाताची घडी घालून उभे होते. टेबलावर आज कापड नव्हतं, डॉक्टरांचा कॉम्प्युटर होता. चाळीस वर्षांत या दुकानातून गेलेले कपडे फक्त चार वेळा परत आले होते. ते चारही कपडे, त्यांची मापं आणि ते परत आणणाऱ्यांचे चेहरे बाबांना तोंडपाठ होते. आता हा पाचवा, आणि तो कपडासुद्धा नव्हता.

ज्या वस्तूवरून एवढं रामायण सुरू होतं ती बनवणारी बाबांची सोळा वर्षांची मुलगी खिडकीत पाय हलवत बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिने पहिल्याच प्रयोगात अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले, तेव्हापासून तिला सगळे ठिणगी म्हणत. कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर भंगारवाल्याकडून आणायचे, तीन मेलेल्यांतून एक जिवंत उभा करायचा आणि विकायचा, हा तिचा छंद. शाळेतून आली की ती दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसे. आत्तापर्यंत सात विकले होते. एक वाचनालयात होता, एक फोटोवाल्याकडे, एक सायकलच्या दुकानात, आणि सातवा हा, आई जिथे काम करते त्या दातांच्या दवाखान्यात. दर वेळी कॉम्प्युटर घराबाहेर पडला की ठिणगी दोन दिवस उदास असायची, तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे निघायची.

काकाने चष्मा लावला. वकिलाच्या कचेरीत त्याला कुणी बोलू देत नसे, त्यामुळे घरात तो हौस भागवून घेई.

"विषय असा," तो म्हणाला, "की चिरंजीव ठिणगी यांनी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात चालवलेला कॉम्प्युटर बांधण्याचा आणि विकण्याचा उद्योग पुढे चालू ठेवावा की कोपरा रिकामा करावा. तक्रार दादाची."

"तक्रार नाही," बाबा म्हणाले. "वस्तू परत आली. आपल्या घरातून गेलेली वस्तू परत आली, एवढंच मी म्हणतोय."

"परत नाही आली, दुरुस्तीला आली," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तासाभराने आपोआप बंद पडतो, तेवढं बघा. दोनदा तर पेशंट तोंड उघडून बसलेला असताना बंद पडला. पुढचा दात कोणता ते कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर झोपलेला. मी तिथे उभी. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं."

"म्हणजे परतच आली," बाबा म्हणाले.

"तो कोपरा तुम्हाला कशाला हवाय?" ठिणगीने खिडकीतूनच विचारलं. "तिथलं शिलाई मशीन तर आत्यानेच काढून टाकलं."

बाबांनी हाताची घडी आणखी घट्ट केली. त्या कोपऱ्यात तिसरं मशीन होतं तेव्हा त्या मशीनवर कधीतरी ही पोरगी बसेल, असं त्यांनी मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि आज तर मुळीच दाखवणार नव्हते.

"आधी वस्तू तपासा," अण्णा खुर्चीतून म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे सगळ्यांना ते झोपलेत असं वाटत होतं. "न तपासता मत कसलं घेता? उलटी करून आतली शिलाई बघा."

ठिणगी उडी मारून खाली आली. टेबलाजवळ येऊन तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. सीपीयूच्या अंगात राखाडी कापडाचा कोट होता. खांद्यापाशी गोलाई, पुढे चालू करायच्या बटणासाठी छोटी झापड, मागे तारा बाहेर काढायला काजं-बटणांची पट्टी, आणि सगळं असं मापात की कुठे सुरकुती नाही.

"हे काय घातलंय याला?"

"कव्हर आहे," आत्या म्हणाली. बाबांची ही मोठी बहीण. तिच्या हाताची काजं बघायला एके काळी दुसऱ्या गल्लीतले शिंपी येत. "आपल्या दुकानातून कुठलीही वस्तू उघडी जात नाही. तू म्हणाली होतीस नको, म्हणून मी तुला विचारलंच नाही. तू शाळेत गेलीस तेव्हा माप घेतलं. कव्हर तुझ्या आईच्या हाती पाठवलं."

"मला वाटलं तुला माहितेय," आई म्हणाली.

ठिणगीने कोट काढला, तारा जोडल्या आणि कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर निळा प्रकाश आला. अण्णा उठले, तिने बाजूचा पत्रा उघडल्यावर त्यांनी आत डोकावलं. तारा जागच्या जागी दोऱ्याने बांधलेल्या होत्या, प्रत्येक गाठ सारखी, प्रत्येक टोक आत दुमडलेलं.

"ही गाठ तुला कुणी शिकवली?"

"तुम्हीच. बटणाखाली मारतात ती."

"हं," अण्णा म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन डोळे मिटून बसले. पत्रा जागेवर बसला.

मग सगळे वाट बघत बसले. वस्तू तासाभराने बंद पडते तर तासभर बसणं आलं. विसाव्या मिनिटाला काका खुर्ची सरकवत पडद्याजवळ गेला.

"यात बुद्धिबळ आहे का गं? सहज विचारतोय."

"काका, तुझ्यासाठी आठवा बांधतेय ना. त्यात आहे."

काकाने घाईघाईने चष्मा पुसायला घेतला. आईने त्याच्याकडे पाहिलं, बाबांनी पाहिलं, आणि अण्णांनी मिटल्या डोळ्यांनी पाहिलं.

"अध्यक्षच गिऱ्हाईक निघाले," आई म्हणाली.

"मागणी नोंदवली म्हणजे मत दिलं असं होत नाही, वहिनी," काका म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

अर्धा तास झाला. कॉम्प्युटर ठणठणीत चालू होता. बाबांचा चेहरा पडत चालला आणि आईचा उजळत चालला.

"म्हणजे डॉक्टर खोटं बोलतात?" बाबा म्हणाले.

"डॉक्टर कशाला खोटं बोलतील? मी डोळ्यांनी पाहिलंय," आई म्हणाली. "ठिणगे, चहा टाक जा. सगळ्यांचे चेहरे बघवत नाहीत."

ठिणगी आत गेली. आत्या टेबलाशी बसून होती, मांडीवर तो राखाडी कोट घेऊन. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. सगळ्यांसमोर असा उघडानागडा पत्रा बसलेला तिला बरा वाटेना. कोट घडी करून ठेवावा तर शिलाई दाबली जाईल. आणि खरं सांगायचं तर हा कोट चारचौघांनी अंगावर पाहावा असं तिला फार वाटत होतं. वर्षभरात या कोटांशिवाय तिने काही नवं शिवलं नव्हतं. मशीनचा आवाज सहन होत नाही, असं तिने घरात सांगितलं होतं आणि कोपरा ठिणगीला देऊन टाकला होता. खरी गोष्ट वेगळी होती. तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. ही गोष्ट घरात फक्त ठिणगीला माहीत होती, कारण रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती वीस सुया ओवून आत्याच्या सुयांच्या गादीत खोचून ठेवी. त्या ओवलेल्या सुयांवर आत्याने तिच्या नकळत सात कोट शिवले. हातशिलाई, दुहेरी अस्तर, मध्ये कापसाचा पातळ थर.

तिने कोट हळूच कॉम्प्युटरला घातला, मागची काजं-बटणं लावली आणि हात फिरवून खांदे सारखे केले. बाबा समोरच उभे होते. ते बघत होते.

स्वयंपाकघरात चहाला उकळी आली तेव्हा ठिणगीच्या कानावर पंख्याचा आवाज पडला. आधी तो गुणगुणत होता. आता वरच्या पट्टीत गेला होता, आणि हळूहळू आणखी वर चढत होता. तिने गाळणी तशीच ठेवली. धाप लागल्यासारखा आवाज होता. असा आवाज पंखा एकाच कारणाने करतो, त्याला वारा मिळेनासा झाला की.

चहाचा ट्रे घेऊन ती दारात आली. कॉम्प्युटर कोट घालून बसला होता, मागची सगळी काजं-बटणं लावलेली, आणि आत्या कौतुकाने त्याच्याकडे बघत होती. ठिणगीने तोंड उघडलं. त्याच क्षणी पडदा काळा झाला.

"झालं!" बाबा म्हणाले.

"पन्नास मिनिटं," काका घड्याळ बघून म्हणाला.

"बघितलंत? मी म्हणत होते ना," आई म्हणाली.

आत्या दचकली. "मी काही केलं नाही हं. मी फक्त कव्हर घातलं."

ठिणगी ट्रे धरून उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. आत्या, तुझ्या कोटात तो गुदमरला. एवढं बोललं की तिचा कॉम्प्युटर निर्दोष, तिचा कोपरा वाचला, काकाचा आठवा पुरा होईल आणि भंगारवाल्याकडे राखून ठेवलेले दोन मदरबोर्ड घरी येतील. तिने आत्याच्या हाताकडे पाहिलं. तो हात अजून त्या काजांवर होता. मशीन सोडल्यावर हाताने केलेलं काम, आणि ते परत आलं असं पाचजणांसमोर सांगायचं.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "पंखा लहान बसवलाय मी. तापतो तो."

बाबांनी मान वर केली.

"लहान पंखा?" त्यांनी विचारलं.

"हो. मोठा बसवायला हवा होता. अंदाज चुकला."

बाबांनी एकदा कोटाकडे पाहिलं. मग खिशात हात घालून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"आरोप मान्य," काका खिन्नपणे म्हणाला. आठवा कॉम्प्युटर त्याच्या डोळ्यांसमोरून निघून चालला होता. "आता मत घेऊ. वयाने लहान ते आधी. म्हणजे वहिनी."

आईने दोन्ही बटणं मुठीत घेतली. चूक कबूल केलेल्या पोरीला आणखी काय शिक्षा करायची? आणि डॉक्टर सोमवारी विचारणार, झाला का दुरुस्त. कॉम्प्युटर नसला की दवाखान्यात पेशंटांची नावं वहीत लिहावी लागत, त्याचा तिला मनस्वी कंटाळा होता. टिक.

काकाला खोकला आला. मत टाकताना त्याला नेहमीच खोकला येई. खोकल्यातूनही सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं, टिक.

बाबा खिडकीतून परत आले. डब्याच्या तोंडावर त्यांनी मूठ धरली.

टण.

आईने कपाळाला हात लावला. काकाने डोळे मिटले. ठिणगीने ट्रे खाली ठेवला आणि ती कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाकडे बघू लागली. तिथे आठवा अर्धा उघडा पडला होता.

"थांब," आत्या म्हणाली. तिने कॉम्प्युटरवर हात ठेवला होता. आयुष्यभर इस्त्री धरलेला हात. कापड किती तापलंय हे त्याला सांगावं लागत नाही. "हा बाहेरून एवढा तापलाय, तर आत काय असेल? ठिणगे, याला वारा कुठून लागतो?"

"आत्या, राहू दे ना."

"कुठून लागतो, विचारतेय मी."

"मागून," ठिणगी पुटपुटली.

आत्याने मागची काजं-बटणं पाहिली. एक, दोन, तीन, सगळी घट्ट लावलेली. दुहेरी अस्तर. कापूस. ती खुर्चीत बसली.

"अगं बाई," ती म्हणाली. "भर उन्हाळ्यात गोधडी पांघरली मी त्याला. आणि ही कार्टी म्हणतेय, पंखा लहान!" तिचा आवाज चढला. "ए, काढ तुझं काळं बटण बाहेर. परत आलेला कपडा माझा आहे. कापला मी, शिवला मी. पोरीचा काय संबंध?"

"ताई, डब्यात पडलेलं बटण परत काढता येत नाही," काका म्हणाला. "तू स्वतःच माझ्या वेळी हे सांगितलं होतंस."

"तुझ्या वेळचं सोड!"

"नियम तो नियम," बाबा शांतपणे म्हणाले. "तुझं टाक आधी."

आत्याने पांढरं बटण डब्यात असं आपटलं की टिकसुद्धा टणसारखं वाजलं. मग ती बाबांकडे पाठ करून बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. अण्णा उठले, बटण टाकलं, टिक, आणि तिथेच टेबलाला टेकून उभे राहिले. चार पांढरी आणि एक काळं. सगळ्यांनी ऐकलं होतं, आता मोजायचं काय? तरी काकाने पद्धत म्हणून डबा टेबलावर उलटा केला.

एक पांढरं बटण घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, ते आईने पकडलं. तीन कॉम्प्युटरपाशी थांबली. पाचवं जागच्या जागी गिरकी घेऊन पडलं. तेही पांढरंच. आणि त्यांच्या मागून, जड आवाज करत, एक पितळी अंगुस्तान बाहेर आलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं, घासून घासून गुळगुळीत झालेलं. या घरात तसं एकच होतं, आणि ते बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात असायचं.

काकाने अंगुस्तान उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"याची नियमात तरतूद नाही," तो म्हणाला.

"दे इकडे," बाबा म्हणाले. त्यांनी ते बोटात चढवलं आणि घसा खाकरला. ठिणगी त्यांच्यासमोर येऊन उभी होती. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं.

"लहान पंखा म्हणे," ते म्हणाले. "अख्ख्या बाजारातला सगळ्यात मोठा पंखा होता तो. स्कूटरवर तू मागे बसली होतीस आणि खोकं माझ्या मांडीवर. हँडल वळत नव्हतं माझं. विसरलीस?"

"नाही," ठिणगी म्हणाली.

"गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, चूक दुकानाने पोटात घालायची, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तरी तू केलंस." त्यांचा आवाज थोडा घोगरा झाला, म्हणून त्यांनी तो पुन्हा कडक केला. "पण या दुकानात राहायचं असेल तर खोटं जरा नीट बोलायला शीक."

"मग तुम्ही टण कशाला वाजवलंत?" आईने विचारलं. "जीव गेला ना आमचा."

"तासभर तुम्ही सगळे माझ्याकडे खलनायक असल्यासारखं बघत होतात. एवढं तर माझं येणं होतं."

आत्या पाठ फिरवूनच हसायला लागली. हसता हसता तिने बाबांच्या दिशेने टेप फेकून मारली, ती काकाला लागली. मग एकदम थांबून ती वळली.

"सातही कोट परत मागवा," ती म्हणाली. "सगळ्यांना मागे जाळी लावायची आहे."

"सातही?" ठिणगी ओरडली. "तू सातही जणांना कोट घातलेस? मग बाकीच्यांनी तक्रार कशी नाही केली?"

"वाचनालयवाले म्हणत होते, कॉम्प्युटर फार समजूतदार आहे," आई म्हणाली. "तासाभराने स्वतः थांबतो, चहाची आठवण करून देतो."

काकाने ते कागदावर लिहून घेतलं, का ते त्यालाच माहीत. आत्याने डॉक्टरांचा कोट उलटा करून टेबलावर पसरला, खडूने मागे एक चौकोन आखला आणि कात्री चालवली. मग तिने सुयांची गादी ओढली. ती रिकामी होती. शनिवारच्या सगळ्या सुया संपल्या होत्या. क्षणभर ती थांबली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ठिणगे, सुया ओवून दे मला. मला नेढं दिसत नाही आता."

आईने बाबांकडे पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली. बाबा पुढे झाले, कापायच्या टेबलावरचा दिवा खाली ओढून त्यांनी आत्याच्या हातापाशी आणला आणि तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले.

"एक मीही धरतो," ते म्हणाले. "सात कोट आहेत."

त्यांनी सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि नेढ्यापाशी नेलं. दोरा डावीकडून गेला. दुसऱ्यांदा उजवीकडून गेला. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सुई दिव्याजवळ धरली, हात लांब केला, जवळ आणला. आत्या शिवण सोडून त्यांच्याकडे बघत होती आणि ओठ दाबून धरत होती.

शेवटी बाबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि सुई मुकाट्याने ठिणगीपुढे धरली.